नॉल म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचा ऑर्क नव्हे

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती डाइस टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ, त्यात गॉब्लिन मारून मारून पार्टी (खेळाडूंची टोळी) कंटाळली की डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, नॉल काढतो. आणि मग तेच, आठ-दहा नॉल भाले घेऊन समोर उभे, एकेक करत पुढे येतात, एकेक करत मरतात, तोंड तेवढं तरसाचं. अरे मग ऑर्कच ठेवायचे की, मिनिएचर तरी नवीन घ्यावे लागले नसते.

मला नॉल जाम आवडतात म्हणून चिडचिड होते. बाकी रानटी जमातींशी काही ना काही बोलणं होतं, ऑर्कशी सौदा होतो, गॉब्लिनला दमात घेता येतं, कोबोल्डला काहीतरी चारून गप्प करता येतं. नॉलला तुमचं सोनं नकोय, तुमचा किल्ला नकोय, त्याला तुम्हीच हवे आहात आणि तेही जेवणात. पार्टीतला बार्ड, म्हणजे गाणारा गोडबोल्या, पर्सुएशनचा (मन वळवायचा) डाइस हातात घेऊन बसतो आणि टाकायचा कोणासाठी तेच त्याला कळत नाही, हा क्षण दुसरा कुठलाच मॉन्स्टर देत नाही.

सुरुवातीला हे असं नव्हतं बरं का. १९७४ च्या मूळ गेममध्ये नॉल म्हणजे नोम आणि ट्रोल यांचा संकर असं अर्धवट चेष्टेत लिहिलेलं, नाव लॉर्ड डन्सेनीच्या गोष्टीतून उचललेलं आणि बाकी आनंदीआनंद. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये तरसाचं तोंड आलं आणि गडी ओळखू यायला लागला. मग येनोघू, म्हणजे तीन तोंडांचा फ्लेल (साखळीचं हत्यार) घेऊन फिरणारा डीमन लॉर्ड, हा त्यांचा देव झाला, आणि २०१४ मध्ये पाचव्या एडिशनने शेवटचा स्क्रू पिळला: येनोघू कत्तल करत पुढे जातो, मागे पडलेली मढी तरसं खातात आणि ती खाऊन त्यांचेच नॉल होतात. म्हणजे आईबाप नाहीत, गाव नाही, जन्मच मुळी उष्ट्यातून.

आता २०१४ चा स्टॅट ब्लॉक, म्हणजे राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता बघा. एसी (चिलखत) १५, एचपी (जीव) २२, चॅलेंज रेटिंग (किती अवघड) अर्धा, वाचताना काहीच वाटत नाही. खरी गंमत रॅम्पेज या त्याच्या खुबीत आहे. नॉलने आपल्या टर्नला मेली (जवळून केलेल्या) अटॅकने कोणाचे एचपी शून्यावर आणले की बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच टर्नच्या जादा चालीत, तो अर्ध्या स्पीडने पुढे सरकून आणखी एकाला चावू शकतो. अर्धा स्पीड म्हणजे १५ फूट, आणि पार्टीची मागची रांग साधारण तेवढ्यातच उभी असते. भाला लागतो, विझार्ड आडवा, सगळे म्हणतात ठीक आहे क्लेरिक (जखमा बरा करणारा पुजारी) उठवेल, आणि तो नॉल विझार्डवरून तसाच पुढे जाऊन क्लेरिकचाच लचका तोडतो. डॅमेज किती तर १डी४ (चार बाजूंचा एक डाइस) अधिक २, हसण्यावारी नेण्यासारखं. पण क्लेरिकने ब्लेस, म्हणजे सगळ्यांना बळ देणारा मंत्र, लक्ष लावून धरून ठेवलेला असतो, मार लागला की तो टिकवायला कॉन्सन्ट्रेशन सेव्हचा डाइस टाकावा लागतो, तो हुकला की सगळ्यांचा ब्लेस गेला आणि विझार्ड अजून जमिनीवरच. त्या चार-पाच पॉइंटच्या चाव्याने फाइट फिरते. बरेच डीएम हे रॅम्पेज चक्क विसरतात, काय बोलायचं!

पण मी स्टॅट ब्लॉकपेक्षा जास्त चोरते ते खऱ्या तरसांकडून, म्हणजे आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या. तिथे राज्य बायकांचं, माद्या नरांपेक्षा मोठ्या आणि पिल्लाचा मान आईच्या मानावरून ठरतो. मेलेलं खाणारे म्हणून बदनाम, पण खाण्यातला मोठा हिस्सा ते स्वतः मारतात, आणि मारतात ते पळवून पळवून, दमवून. आणि ते जगप्रसिद्ध हसणं, ते मजा येतेय म्हणून नसतंच, बहुतेक वेळा मार खाणारा, दबलेला तरस हसतो. बाकीच्यांना बोलवायचं तर वेगळीच लांब हाळी असते, ती रात्री कित्येक किलोमीटर जाते.

हे टेबलवर आणलं की नॉल एकदम जिवंत होतात. डावीकडून खिदळणं ऐकू येतं, पार्टी तिकडे बाण लावून बसते, तिथे असतो कळपातला सगळ्यात खालचा, उपाशी, मुद्दाम पुढे ढकललेला. मग उजवीकडून एकच हाळी. ती बाईंची, म्हणजे कळपाच्या म्होरकीची. त्या एवढ्यात येणारच नाहीत, त्यांना घाई नाही, त्या फक्त तुमचा लाँग रेस्ट (रात्रभराचा आराम) होऊ देणार नाहीत. दोन रात्री असं केलं की एक्झॉशनच्या (थकव्याच्या) लेव्हल चढतात, स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचा साठा) रिकामे, आणि मग जी फाइट होते तिला फाइट म्हणणं पण जास्तच. बाईंच्या जागी मी फ्लिंड, म्हणजे नॉलचा मोठा म्होरक्या राक्षस, ठेवते, चॅलेंज रेटिंग ९, तिच्या १० फुटांत असलेल्या नॉलला कोणी पडायची वाट न बघता बोनस ॲक्शनला चावता येतं, त्यामुळे ती स्वतः आली की खेळ जवळजवळ संपलेला असतो.

अख्खी जमात जन्मतःच दुष्ट, हे बरोबर आहे का, यावर लोक कायम भांडतात आणि भांडण रास्त आहे. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच दुसऱ्या गेमवाल्यांनी एक वाट काढली, त्यांचे नॉल आता खोलो म्हणवतात, पूर्वजांची हाडं जवळ ठेवून त्यांना सल्ला विचारतात, तुम्ही स्वतः खोलो होऊन खेळू शकता, छानच आहेत, पण त्यांची भीती वाटत नाही. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलने उलटी वाट धरली, नॉल आता ह्युमनॉइडच (माणसासारखे) नाहीत, सरळ फीन्ड (सैतानी जीव). वाद मिटला, कारण राक्षसाला कोण माणुसकी विचारतंय. पण त्याबरोबर फक्त ह्युमनॉइडवर चालणारे मंत्र गेले, जागच्या जागी थिजवणारं होल्ड पर्सन चालेनासं झालं, भुलवणारं चार्म पर्सन गेलं, आणि पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) स्माइट या वाराला फुकटचा एक डी८ (आठ बाजूंचा डाइस) जास्त मिळाला, म्हणजे पॅलाडिनची दिवाळी आणि विझार्डची बोंब.

मी जुनाच ह्युमनॉइड टॅग ठेवते. होल्ड पर्सन खुशाल टाका, लागू पण देते. फक्त जो नॉल जागच्या जागी थिजतो त्याला सोडवायला बाकीचे येत नाहीत, आयता सापडला म्हणून आधी त्याच्यातच तोंड घालतात, आणि पार्टीला एक अख्खा राउंड मोकळा मिळतो. त्या राउंडमध्ये पळायचं की लढायचं यावरून जी भांडणं होतात ना, त्यासाठी तर मी नॉल काढते.