खोली मिळणार का?

शनिवार, रात्री उशिरा

कादंबरी संपली एकदाची. खुनी कोण ते मला बरंच आधी कळलं होतं, तरी पुस्तक खाली ठेववेना. धाकधूक वेगळ्याच गोष्टीची होती. या दोघांना खोली मिळणार की नाही?

तो जमैकाचा, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात राबलेला, १९४८ मध्ये परत लंडनला आलेला. ती आयरिश. साल १९५०. गोष्ट सांगत नाही, कुणाला वाचायची असेल तर मजा जाईल. एवढंच लिहिते की गल्लीत एक प्रेत सापडतं आणि पोलीस आधी त्याच्या दारात येतात. पुरावा नंतर शोधतात.

रहस्यकथा वाचताना आपल्याला सगळ्यांवर संशय घ्यायची सवय असते. मला तर फार. नोकर, भाचा, डॉक्टर, कुणालाच सोडत नाही. इथे मात्र त्या सवयीची लाज वाटायला लागली. घरमालकीण, शेजारी, इन्स्पेक्टर सगळेच संशय घेतायत, पण एकाच माणसावर, आणि त्याने काय केलं याच्याशी त्या संशयाचा काही संबंध नाही. मधे एका प्रकरणात मलाही वाटून गेलं, हा काहीतरी लपवतोय. लपवत होताच तो. रात्री कुठे होता हे सांगितलं असतं तर तिचं नाव बाहेर आलं असतं आणि तिला राहत्या घरातून हाकललं असतं.

खोल्यांची वर्णनं अप्रतिम आहेत. खिडकीत चिकटवलेला 'काळे नकोत' असा कागद. जिथे जागा मिळते तिथे एका खोलीत तिघं-चौघं, रॉकेलचा हीटर, त्याचा कोटाला बसलेला वास. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकायचं, ते संपलं की भात अर्धा कच्चा. स्वयंपाक जिन्याच्या चौकात, तोही नंबर लावून. बँक आणि घरमालक उभं करत नाहीत म्हटल्यावर जमैकाहून आलेल्या या लोकांनी आपली जुनी 'पार्डनर' पद्धत चालू केली. ती म्हणजे थेट आपली भिशी. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, एक विश्वासू बाई पैसे सांभाळणार, आणि ज्याचा नंबर लागेल त्याला सगळी रक्कम हातात. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या कितीतरी पडक्या घरांची पहिली रक्कम अशी उभी राहिली. या प्रकरणात खुनाचा उल्लेखही नाही आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

ब्रिक्स्टनच का, तर त्याचं कारण अगदी सरकारी आहे. जमैकाहून लोकांना घेऊन आलेली 'एम्पायर विंडरश' बोट २१ जून १९४८ ला लंडनजवळच्या टिल्बरी बंदराला लागली, लोक २२ तारखेला उतरले. स्वस्तातलं तिकीट साडेअठ्ठावीस पौंडांचं. ज्यांची राहायची सोय नव्हती अशा दोनशेवर लोकांना क्लॅपहॅम साउथच्या भुयारी स्टेशनच्याही खाली, युद्धात बॉम्बपासून लपायला खणलेल्या बोगद्यात झोपायला पाठवलं. एकावर एक खाटांच्या रांगा, वरून गाड्यांची घरघर. तिथून जवळचं रोजगार केंद्र ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर. माणसं काम शोधायला तिकडे गेली आणि तिथेच आसपास राहिली. एका बोगद्याने आणि एका कचेरीने लंडनच्या आख्ख्या एका भागाचा चेहरा ठरवला.

दुपारी पुस्तक बाजूला ठेवून केल्सो कॉक्रेनबद्दल पुन्हा वाचलं. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरचा सुतार, वय ३२. पुढे कायदा शिकायचं मनात होतं. लग्न ठरलेलं, मुलगी जमैकाची, नर्स. अंगठ्याला मार लागला म्हणून इस्पितळात गेला होता. तिथून चालत घरी येताना १७ मे १९५९ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ केन्सिंग्टनमधल्या साउदॅम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गोऱ्या पोरांच्या टोळक्याने त्याला भोसकलं. तिथल्याच नॉटिंग हिलची दंगल, गोऱ्यांची टोळकी काळ्यांवर धावून गेली ती, होऊन वर्षही झालं नव्हतं. तरी पोलिसांचं पालुपद एकच, हा चोरीचा प्रकार, वर्णद्वेषाचा नाही. कादंबरीत रंग बघून माणूस पकडतात, आणि इथे रंगामुळे माणूस मेला तर म्हणे रंगाचा संबंध नाही. त्याच्या अंत्ययात्रेला बाराशेच्या वर लोक होते, काळे आणि गोरेही. शिक्षा कुणालाच झाली नाही. त्याच ऑक्टोबरात फॅसिस्ट पुढारी ओस्वाल्ड मोझली नॉर्थ केन्सिंग्टनच्याच मतदारसंघात निवडणुकीला उभा राहिला आणि डिपॉझिट घालवून बसला, तेवढंच काय ते समाधान.

अशा खऱ्या गोष्टी वाचल्यावर कादंबरीचा शेवट फार सोयीचा वाटतो हे कबूल. इन्स्पेक्टरला अचानक उपरती होते, खरा गुन्हेगार सापडतो, सगळे धागे जुळतात. खरं तर तो इन्स्पेक्टर मला अखेरपर्यंत पटला नाही. माणूस इतक्या सहजी बदलत नाही, आणि पोलीस खातं तर नाहीच नाही. घरमालकीण त्यापेक्षा खरी वाटते. ती शेवटपर्यंत तीच राहते, फक्त भाडं थकलं की तिचा आवाज मऊ होतो.

पण खोलीबद्दल लेखिकेला माफ केलं. ब्रिटनमधला वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा १९६५ चा, आणि त्यात घर आणि नोकरी वगळलेली होती! हॉटेल, बस, थिएटर अशा सार्वजनिक जागांपुरताच तो. कातडीचा रंग बघून जागा नाकारणं बेकायदेशीर ठरलं ते १९६८ मध्ये. म्हणजे कायद्याची वाट बघत बसली असती तर ही दोघं चाळिशी ओलांडून गेली असती. लेखिकेने भिशीच्या पैशातून त्यांना आधीच किल्ली दिली आहे. खोली लहान, छत गळकं, पण दोघांची. त्यावरून मी तिच्याशी भांडणार नाही. इन्स्पेक्टरवरून मात्र भांडेन.