कागदी झोका

आखाजीला ताई येणार नाही, असा सुरतेहून फोन आला. तिच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं होतं. माय सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होती. चाळणी हातात तशीच धरून म्हणाली, "मंग झोका कोनासाठे बांधाना?"

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, बाकीचा महाराष्ट्र सोनं आणतो, आम्ही खान्देशातली माणसं लेकी आणतो. पितरांची घागर भरून झाली, आमरस-पुरणपोळी पोटात गेली, की बाया-पोरी निंबाच्या झोक्यावर आणि पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटायला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्षही याच दिवशी संपतं आणि याच दिवशी नवं सुरू होतं. पण सणाचा खरा मान झोक्याला. आणि यंदा झोक्यावर बसणारीच नाही. म्हटलं, झोकाच सुरतेला पाठवू. कागदाचा. कार्ड उघडलं की आतून निंबाचं झाड उभं राहील आणि त्याच्या फांदीला झोका लोंबत असेल, असा.

कागदाला आमच्या घरी तोटा नाही. कोठीवरच्या पिशवीत गेल्या दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका साठलेल्या. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांचे तीन-तीन रकाने असतात: काका, मामा, साडू, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. एखादं नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. एवढी माणसं पेलायची म्हणून असेल, पण कागद भक्कम असतो, अडीचशे-तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. पाठीला पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा, पाल्यासाठी जुन्या कॅलेंडरची हिरवी चित्रं, आणि झोक्यावरच्या पोरीच्या लुगड्याला सोनाराकडचा तो पातळ गुलाबी कागद, ज्यात मणी-डोरलं गुंडाळून देतात. तो कागद माय कधीच फेकत नाही. सोनं मोडलं तरी कागद जपून असतो.

खरी अडचण उन्हाची. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि पंखा लावला की निंबाचा सगळा पाला उडून देव्हाऱ्यात. म्हणून पंखा बंद. फेविकॉलचा थेंब झाडापर्यंत पोचेस्तोवर त्यावर साय धरायची. माय दर पाच मिनिटांनी, "पंखा लाव रे भो, जीव जाई राह्यना." शेजारचे अण्णा डोकावून गेले आणि जाता जाता म्हणाले, "आखाजीला लोक पत्ते पिसतात, हा कापत बसलाय!"

आता यातली युक्ती. पाठीचा पुठ्ठा मधोमध दुमडायचा. घडीवर आडवे, एकमेकांना समांतर दोन काप द्यायचे, घडीच्या दोन्ही बाजूंना सारखे, माझे चार-चार सेंटिमीटरचे. मधली पट्टी बोटानं आतल्या बाजूला ढकलली की कार्ड काटकोनात उघडल्यावर तिची पायरी होते. त्या पायरीच्या पुढच्या अंगाला झाड चिकटवायचं. बस. कार्ड उघडताना ते आपोआप उठतं, मिटताना आपोआप निजतं. मासाहिरो चातानी नावाच्या, वास्तुकला शिकवणाऱ्या जपानी प्राध्यापकांनी 1980च्या दशकात अशाच कापांनी आणि घड्यांनी एकेका कागदातून अख्ख्या इमारती उभ्या केल्या. मला एक निंब उभा करताना घाम फुटला, पण तो वैशाखाचाही असेल.

कागदाला धागा असतो, हे मला पहिला पुठ्ठा वाया घालवल्यावर कळलं. त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं निजलेले असतात. त्या दिशेनं घडी घातली तर सुतासारखी सरळ येते, आडवी घातली तर वरचा रंग तडकतो, पांढरी भेग दिसते. दोन्हीकडून हलकेच वाकवून बघायचं. ज्या बाजूनं कमी कुरकुरतो, तिकडून घडी. घडीआधी संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून एक रेघ दाबून ओढायची, म्हणजे कागद वाट सोडत नाही.

आणि उभं राहण्यापेक्षा मिटणं अवघड. माझं झाड बारा सेंटिमीटरचं, ऐटदार. उघडल्यावर काय दिसलं म्हणून सांगू! पण मिटलं तर शेंडा कार्डाबाहेर सव्वा सेंटिमीटर. तेव्हा हिशेब केला: पायरी घडीपासून चारवर, पुढे झाडाचे बारा, झाले सोळा. पान तर पावणेपंधराचं. झाडाचे दोन सेंटिमीटर छाटले. निंब जरा बुटका झाला, पण घरात मावला.

मायला दाखवायला नेलं. तिनं कार्ड हातात घेतलं आणि पेपर उघडावा तसं सपाट उघडलं. झाड आडवं. "हाई काय शे? कोठे शे झोका?" असं कार्ड काटकोनातच धरायचं असतं, पार पसरलं की पायरी सपाट होते आणि झाड झोपतं, हे मी समजावलं. तिनं पुन्हा उघडलं, या वेळी अर्धंच. शिवणाच्या दोऱ्याला टांगलेली पाटी हलली, गुलाबी लुगड्यातली पोर हलली. माय बराच वेळ उघडमीट करत राहिली. मग म्हणाली, "दोरा बारीक शे. पोर पडी जाई." आणि आतून गोधडी शिवायचा जाड दोरा आणून दिला.

कार्ड अण्णांबरोबर गेलं. त्यांची सुरतेला फेरी होतीच. डब्यात सांजोऱ्या, वर कार्ड, आणि "वर काही ठेवू नका" असं तीनदा बजावणं. वर काय काय ठेवलं गेलं ते अण्णांनाच ठाऊक.

आखाजीच्या दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. भाचीनं झाड आधीच उलटसुलट करून तपासलं होतं. "मामा, झोक्याच्या पाटीखाली काहीतरी लिहिलंय!" मी पाटी कापताना मागची बाजू पाहिलीच नव्हती. ताईनं कार्ड कॅमेऱ्याजवळ धरलं. बारीक लाल अक्षरात छापलं होतं: टीप, लग्न वेळेवर लागेल.

"माझीच पत्रिका कापलीस ना रे?" ताई म्हणाली. "साडेबाराचा मुहूर्त होता. अडीचला लागलं होतं."

माय चुलीपाशी होती. तिथूनच ओरडून विचारलं, "पोर पडनी नही ना?"

"नही वं माय," ताईनं फोनमधून सांगितलं, "बठेल शे अजून."