कॅमेऱ्यात अडकलेली मंडईच्या नाटकाची कॅसेट

आमचा मिनीडीव्ही हँडीकॅम, म्हणजे छोट्या कॅसेटवर शूटिंग करणारा व्हिडिओ कॅमेरा, कित्येक वर्षं कपाटात पडून होता आणि त्यात एक कॅसेट तशीच राहिलेली, मंडईच्या नाटकाची. झाडीपट्टीतल्यांना, म्हणजे पूर्व विदर्भातल्यांना, सांगायला नको, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, आणि रात्री नाटक, पार उजाडेपर्यंत. त्या नाटकात मामा ऑर्गनवर होते. मामा आता नाहीत, त्यांचं वाजवतानाचं शूटिंग तेवढंच, म्हणून कॅमेरा गेला तरी चालेल पण कॅसेट धड निघाली पाहिजे, हे पक्कं होतं.

चार्जर लावला तर चालू झाला, पण इजेक्ट दाबलं की बाहेरचं झाकण उघडायचं, आत मोटर गुरगुरायची, ट्रे काही वर यायचा नाही आणि स्क्रीनवर सी:31. म्हणजे आतली यंत्रणा अडकली. नागपूरला एका दुकानात दाखवला तर म्हणे पार्ट मिळत नाहीत, चिमट्यानं ओढून देतो. राहू द्या म्हटलं. कॅसेट आत बसली की दोन छोटे खांब टेप बाहेर ओढून फिरत्या ड्रमला गुंडाळतात, टेप जेमतेम 6.35 मिलिमीटर रुंद, तशीच ओढली तर चुरगळणार नाहीतर तुटणार, आणि ड्रमवरचं टेप वाचणारं हेडही जाणार.

मग वडसाला ओळखीच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या भाऊंकडे बसलो. बॅटरी काढली. स्क्रू सगळे वेगवेगळ्या लांबीचे, तर त्यांनी कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून जो जिथला तो तिथं चिकटपट्टीनं लावून ठेवला, हे मला फार आवडलं. बाजूचं कव्हर निघाल्यावर लोडिंग मोटर दिसली, तिच्या दांड्यावर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेलं गिअर, आणि पुढच्या गिअरवरचं ग्रीस पिवळं पडून मेणासारखं घट्ट झालेलं. मोटरमध्ये तेवढा जोरच नसतो. इअरबडवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसलं, टेपला आणि ड्रमला लागू न देता. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं वर्म हळूहळू फिरवायला लागलो, कोणत्या बाजूनं ते खांबांकडे बघून ठरवायचं, खांब ड्रमपासून मागे सरकले पाहिजेत. सरकले तशी टेप ढिली पडली. भाऊ म्हणाले, "काहून घाई करून राह्यले, आधी टेप गुंडाळा नं." मग थोडं वर्म, थोडं कॅसेटचं चाक, असं करत सगळी टेप आत गेली आणि ट्रे टक्कन वर आला. टेपला एक सुरकुती नाही!

नवं ग्रीस अगदी पातळ लावलं, आधी कोरी कॅसेट घालून काढून पाहिली, मगच मामांची लावली. कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर, म्हणजे केबल जोडायचं एक जुन्या पद्धतीचं पोर्ट, लागतं, ते जुन्या डेस्कटॉपवर होतं, आणि तासाची टेप उतरायला तासच लागतो. चित्रात कुठंकुठं चौकोन येतात, पण ऑर्गन स्वच्छ ऐकू येतो. मामींना पेनड्राइव्ह दिला. आता नाटक मंडळातल्या बाकीच्यांनीपण कॅसेटी शोधून आणल्यात, कॅमेरा चालून राहिला तोवर सगळ्या उतरवून घेतो.