पिकअप पाणी खाते, पण ते जाते कुठे?

जुन्या डिझेल पिकअपचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी, हळूहळू कमी होत असते, गाडीखाली डबके तर सोडाच, साधा ओला डागही दिसत नाही, आणि तरीही रेडिएटर सारखे पाणी मागत राहतो, तेव्हा आपल्याकडे बहुतेक जण एकच निदान ऐकवतात: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पाणी व वायू अडवणारे पातळ सील, गेले. हे निदान दरवेळी चुकीचे असते असे नाही. पण हेड उतरवणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे आणि गुऱ्हाळांच्या हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी पाणी नेमके कोणत्या वाटेने जाते, हे शोधून काढायचेच असे मी ठरवले.

आमची पिकअप करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात पोहोचवते आणि अधूनमधून करूळ घाटाने कोकणात उतरते. परतताना हौद्यात जांभ्या दगडाचा चिरा असला की गगनबावड्यापर्यंतची चढण इंजिनाची खरी परीक्षा घेते. अशाच एका खेपेनंतर आमचे ड्रायव्हरमामा म्हणाले, "दादा, गाडी पानी खातीया. घाटात काटा वर चढतोय आनि सपाटीला आलं की परत जाग्यावर येतोय." हे वर्णन निदानाच्या दृष्टीने फार उपयोगी होते. भार वाढल्यावरच तापमान चढते आणि भार उतरल्यावर ते खाली येते, याचा अर्थ पाणी फिरत आहे, पण जितके हवे तितके ते उरलेले नाही.

इथिलीन ग्लायकॉल असलेल्या कूलंटला गोडसर वास असतो, आणि गळतीचा माग काढताना नाक मोठी मदत करते. गुळाच्या गाडीत मात्र ही मदत मिळत नाही, कारण हौद्यापासून केबिनपर्यंत सगळीकडे गोडच वास भरलेला असतो. म्हणून हौदा धुऊन, गाडी रात्रभर रिकामी ठेवून मगच वास घेतला. हे द्रव्य विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री व जनावरे ते चाटतात; गुऱ्हाळाच्या आवारात बैल बांधलेले असतात, हे लक्षात ठेवून काढलेले कूलंट जमिनीवर न सोडता झाकणाच्या कॅनमध्येच साठवले.

पाणी इंजिनातून तीनच वाटांनी नाहीसे होऊ शकते: बाहेर, ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमधून धुराबरोबर. या तिन्हींच्या आधी रेडिएटरचे झाकण पाहावे, कारण ते सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेला दाब धरून ठेवते, तर मधली लहान झडप इंजिन थंड होताना जादा पाण्यासाठी जोडलेल्या बाटलीतले पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी इथे 98 अंशांच्या आसपास उकळते, झाकणाने 0.9 बार दाब धरला तर तेच पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर फुटलेले झाकण हा दाब धरत नाही, आणि मग कुठेही गळती नसताना पाणी उकळून बाटलीवाटे निघून जाते. लहान झडप अडकली असेल तर थंड झाल्यावर वरचा होज पाईप चेपलेला दिसतो. आमचा पाईप चेपलेला नव्हता, तरीही झाकण नवीन घेतले. झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये, ही सूचना कितीही वेळा दिली तरी कमीच आहे.

पुढे ऑइल. डिपस्टिकवर चहासारखा दुधाळ रंग आला तर पाणी ऑइलमध्ये गेले, असे सर्वसाधारणपणे म्हणतात. हे खरे आहे, पण पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणामुळेही ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय धरते, आणि त्यावरून हेड उतरवणे अन्यायाचे ठरते. त्याहून खात्रीची पद्धत अशी की गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन चालू न करता ऑइल चेंबरचा तळाचा ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. पाणी आणि कूलंट दोन्ही ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतात आणि ऑइलच्या आधी बाहेर येतात. आमच्या गाडीतून पहिल्या थेंबापासून काळे ऑइलच आले.

धुराबाबत डिझेल गाड्यांमध्ये गैरसमज फार आहेत. थंड सकाळी निघणारा पांढरा धूर पुष्कळदा न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन तापले की थांबतो. पाण्याचा पांढरा धूर इंजिन पूर्ण तापल्यावरही येत राहतो आणि डोळ्यांना तितका झोंबत नाही. याशिवाय रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांतच वरचा होज पाईप हाताला कडक लागू लागला, तर तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधून येणाऱ्या वायूचा असतो, कारण पाणी तापायला तेवढा वेळ मिळालेलाच नसतो. शंका उरलीच तर रेडिएटरच्या तोंडाशी धरायचे निळे रसायन मिळते. ज्वलनाचा वायू त्यातून गेला की त्याचा रंग बदलतो. आमचा पाईप बराच वेळ मऊ राहिला, रसायन निळेच राहिले, आणि हेड गॅस्केटवरचा आरोप माझ्या मनातून तिथेच उतरला. ज्या गाड्यांना ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) आहे, त्यांनी तोही तपासावा, कारण तो आतून फुटला तर लक्षणे हेड गॅस्केटसारखीच दिसतात. आमच्या गाडीला तो नाही.

आता उरली बाहेरची वाट. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे दाब तपासायचा हातपंप होता. ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग घडवण्यात उद्यमनगराच्या पिढ्या गेल्या आहेत, आणि तिथल्या जुन्या माणसांची घाई न करण्याची सवय मला मनापासून आवडते. मिस्त्रींनी गाडी रात्री मुक्कामाला ठेवायला सांगितली. "गरम गाडीला दाब दिऊन काय दिसत न्हाई दादा. सगळं फुगून बसलेलं असतंय," असे ते म्हणाले, आणि या शोधातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच ठरला.

सकाळी थंड इंजिनावर झाकणाच्या जागी पंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच, म्हणजे 0.9 बार दाब दिला. त्याहून अधिक दाब दिल्यास चांगला रेडिएटरही फुटू शकतो. पंपावरचा काटा आधी स्थिर वाटला, मग अगदी सावकाश खाली सरकू लागला. होज पाईपांच्या क्लिपा कोरड्या होत्या, रेडिएटरच्या जाळीवर ओल नव्हती, हीटरच्या नळ्यांच्या टोकांना बोट लावले तर बोटही कोरडेच. शेवटी मिस्त्रींनी लहान आरसा पंख्यामागे सरकवला आणि बॅटरीचा उजेड खालून मारला. वॉटर पंपाच्या पोटाला, पुलीच्या मागे, पेन्सिलच्या टोकाएवढे एक भोक असते. त्याच्या काठावर फिकट गुलाबी थेंब हळूहळू भरत होता. भोकाखाली पंपाच्या बीडावर सुकलेल्या कूलंटचा पांढरट गुलाबी ओघळ उमटला होता, आणि त्यावर धुळीचा थर इतका बसलेला होता की आरशाशिवाय तो कुणाला दिसला नसता.

हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या शाफ्टवर एका बाजूला पाणी अडवणारे सील असते आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग. सील झिजले तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता मधल्या या भोकातून बाहेर पडावे, अशी ती योजना आहे. त्यामुळे तिथला ओघळ म्हणजे सील संपल्याची पंपाने स्वतः दिलेली खबर असते. काही जण त्या भोकात लांबी (पुट्टी) भरून गळती थांबवतात, आणि मग पाणी बेअरिंग खाते, पंखा डगमगतो आणि रेडिएटरला भिडतो. असे कृपया करू नये. गाडीखाली थेंब का पडत नव्हते, याचाही उलगडा झाला: इंजिन चालू असताना गळलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने उडून तापलेल्या ब्लॉकवर सुकत होते, आणि इंजिन थंड झाल्यावर दाबच नसल्याने गळती जवळजवळ थांबत होती.

शाफ्टमध्ये हाताला जाणवेल इतका खेळ असल्याने नुसते सील न बदलता पूर्ण पंप नवा घातला. जुन्या पंपाच्या पंख्यांवर क्षारांचा खरखरीत थर होता. आमच्या भागात बोअरच्या पाण्याला क्षार फार, आणि वाटेत जे मिळेल ते पाणी ओतले की तो थर सीलच्या घासत्या पृष्ठभागांवरही बसतो. म्हणून सिस्टिम स्वच्छ धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून भरले, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाब तपासायचा तोच हातपंप पुन्हा लावला. काटा जागचा हलला नाही.

त्यानंतर चिरा भरून गाडी करूळ घाट चढून आली तेव्हा तापमानाचा काटा मध्यावरच होता आणि बाटलीतली पातळी खुणेवर होती. खालचा होज पाईप दाबला की आता थोडा ताठर लागतो, त्याला अजून गळती नाही. तरी हंगाम संपल्यावर तो आणि थर्मोस्टॅट एकदमच बदलायचे ठरले आहे, म्हणजे कूलंट दोनदा काढावे लागणार नाही.