नेरळ-माथेरान मिनी ट्रेन : घाट चढताना अख्खी करा, नुसत्या शटलवर भागवू नका

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, कारण माथेरानला जाऊन आल्यापासून जो तो हेच विचारतोय की वरची शटल केली म्हणजे मिनी ट्रेन झाली का. अमन लॉज (माथेरानच्या आधीचं, डोंगरावरचंच स्टेशन) ते माथेरान शटलमध्ये बसलात म्हणजे मिनी ट्रेन झाली असं होत नाही. शटल चांगलीच आहे, पावसाळ्यातही चालू असते, दस्तुरीवरून, म्हणजे मोटारी जिथपर्यंत येतात तिथून, गावापर्यंतची पायपीट वाचते, पण ती सगळी वरची वीसेक मिनिटं, तोवर घाट संपलेला असतो. खरी गाडी नेरळहून सुटते, २१ किलोमीटरला अडीच-पावणेतीन तास घेते आणि त्या वेळात तुम्हाला समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवरून ८०० मीटरवर नेऊन ठेवते. टॅक्सी नेरळहून दस्तुरीपर्यंत अर्ध्या तासात पोचवते. म्हणून लोक टॅक्सी करतात, वर जाऊन शटलमध्ये फोटो काढतात आणि घरी येतात. ज्यांना माथेरानच बघायचंय त्यांनी खुशाल तसं करावं, पण ज्यांना गाडी बघायचीय त्यांनी अर्धा दिवस गाडीला द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो, मधल्या वारी. बरोबर सत्तरी ओलांडलेली आत्या आणि पाचवीतला भाचा. डोंबिवलीहून पहाटेची कर्जत लोकल पकडली, उलट्या दिशेची असल्यामुळे रिकामी मिळते, साडेसातच्या आत नेरळ. सीएसएमटीहून येणार असाल तर नेरळपर्यंत दोन तास धरून चाला आणि कर्जत किंवा खोपोली लोकलच पकडा, बदलापूर लोकल नेरळच्या आधीच संपते. पुणेकरांचं जरा अवघड आहे, कर्जतला थांबणाऱ्या गाडीने यायचं, तिथून लोकलने उलटं नेरळ (मध्ये फक्त भिवपुरी रोड), आणि सकाळची पहिली मिनी ट्रेन गाठायची असेल तर आदल्या रात्री नेरळ-कर्जतलाच मुक्काम केलेला बरा.

आता तिकिटाचं, कारण सगळं घोडं इथेच अडतं. आम्ही गेलो तेव्हा नेरळहून वर जाणाऱ्या दोन गाड्या होत्या, सकाळी ८:५० आणि १०:२५, आणि माथेरानहून खाली येणाऱ्या दुपारी २:४५ आणि ४:०० च्या. तिकीट नेरळच्या खिडकीवरच मिळतं, गाडी सुटायच्या साधारण पाऊण तास आधी खिडकी उघडते. गाडी एवढीशी, सहा डबे, त्यातल्याही दोनांत सामानाची जागा, त्यामुळे सीटा मोजक्याच असतात. शनिवार-रविवारी लोक उजाडायच्या आत येऊन रांगेत बसतात आणि खिडकी उघडल्यावर थोड्याच वेळात तिकिटं संपतात. मधल्या वारी आम्ही तासभर आधी उभे राहिलो आणि आरामात मिळालं. एकाने रांग धरायची, बाकीच्यांनी चहा-वडापाव उरकायचा. गाडीत टॉयलेट नाही, तेही नेरळलाच उरका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे विसरू नका. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, निघायच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं ताजं बघून घ्या.

सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, आणि काही गाड्यांना विस्टाडोम डबा असे प्रकार आहेत. विस्टाडोमला मोठ्या काचा, छतालाही काच, फोटोला झकास, तिकीटही त्या मानाने बरंच जास्त. माझं स्पष्ट मत सेकंड क्लासच घ्या. लाकडी बाक आहे, गुडघ्याला गुडघा लागतो, पण खिडकी उघडी असते आणि वाऱ्याबरोबर डिझेलचा, सुकलेल्या गवताचा, तापलेल्या दगडाचा वास आत येतो. फक्त डोकं-हात बाहेर काढायचे नाहीत, काही ठिकाणी कातळ खिडकीपासून वीतभरावर येतो.

गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवरून उतरून रुळाकडे जरा वाकून बघा. दोन रुळांमध्ये अंतर दोन फूट फक्त. शेजारीच मेन लाइनवरून एक्स्प्रेस धडाडत जाते आणि ह्या डब्यात माणूस वाकून चढतो. नेरळला जुनं वाफेचं इंजिनही ठेवलंय, ते पोरांना दाखवाच. ह्या लाइनसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून मुद्दाम बनवून घेतलेल्या इंजिनांची खुबी अशी की पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस वळणावर थोडा सरकू शकायचा, कारण इथली वळणं इतकी आवळलेली आहेत की साधं ताठ इंजिन रुळावर टिकलंच नसतं. वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकात बंद झाली, आता डिझेल आहे.

ही लाइन सरकारने बांधलेली नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभं केलं. १९०४ ला सुरुवात, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी चालू, खर्च त्या काळचे १६ लाख. माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं ते १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून गेला तेव्हा, म्हणजे त्यानंतर पन्नासेक वर्षं लोक घोड्यावर, पालखीत किंवा पायीच वर जात होते. आत्या म्हणाली, "मग त्या बापलेकाचा एक पुतळा तरी हवा की रे इथे." मलाही तसंच वाटतं.

सुरुवातीला गाडी मेन लाइनच्या कडेकडेने जाते, गावातली घरं, कुंपणं, हात करणारी पोरं, आणि मग हळूच डोंगराकडे वळते. जुम्मापट्टी पहिलं स्टेशन. तिथे गाडी थांबते, बायका बोरं, आवळे, काकडी घेऊन येतात, घ्या बिनधास्त, सुटे पैसे जवळ ठेवा. जुम्मापट्टीनंतर खरा चढ लागतो. सगळ्यात तीव्र ठिकाणी २० फुटाला एक फूट चढ आहे, आणि इथे दार्जिलिंगसारखी गाडी मागे-पुढे करत चढवत नाहीत, मोठे घोड्याच्या नालासारखे वळसे घालून लाइन वर नेलीय. तुमच्या डब्यातून तुमचंच इंजिन समोरून उलटं जाताना दिसतं. भाच्याला हे समजेना, तो म्हणे, "मामा, ती दुसरी गाडी येतेय!" मग त्याने डबे मोजले, आपलाच रंग ओळखला, आणि पुढचं प्रत्येक वळण आलं की तो आधीच उभा. त्यामुळे कुठल्या बाजूला बसायचं ह्याची चर्चा करत बसू नका, दरी कधी उजवीकडे येते कधी डावीकडे. खिडकी मिळाली की झालं, आणि जमलं तर मागच्या डब्यात बसा म्हणजे इंजिन जास्त वेळा दिसतं.

वळणावर चाकं रुळाला घासून जो आवाज येतो तो कान देऊन ऐका. आधी बारीक किंचाळल्यासारखा, मग डबा किंचित अडल्यासारखा होतो, दोन डब्यांमधली जोडणी खडखडते, आणि सरळ रूळ लागला की एकदम सगळं गप्प, फक्त इंजिनाची घरघर. वेग इतका कमी की खाली रुळाशेजारी वाळत घातलेल्या गवतातला सरडासुद्धा दिसतो. उतरताना ब्रेकचं काम जास्त असतं. पूर्वी डब्यांवर ब्रेकवाले उभे असायचे आणि ड्रायव्हरच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. २०१६ च्या मे महिन्यात लागोपाठ दोनदा डबे रुळावरून उतरले, गाडी बंद झाली, आणि त्यानंतर एअर ब्रेक आले. आता गाडी निर्धास्त वाटते, आत्यासुद्धा घाटात डुलकी काढण्याइतकी निवांत होती.

घाटातच ह्या लाइनवरचा एकुलता एक बोगदा लागतो, वन किस टनेल. बोगदा म्हणजे काय, आत गेलो म्हणेपर्यंत बाहेर, त्यावरूनच नाव पडलंय. मोबाइल हातात तयार ठेवा नाहीतर हुकेल. वर वर जाताना कड्यावरचा गणपती दिसतो, कातळालाच गणपतीचा आकार दिलाय, डब्यातल्या बायकांनी हात जोडले आणि सगळा डबा त्या बाजूला सरकला. पॅनोरमा पॉइंटच्या अंगाने गाडी जाते तेव्हा खाली आपण चढून आलेली लाइन पातळ रेघांसारखी दिसते, समोर पेबचा किल्ला, लांब मैदानात नेरळ.

पण मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसलो ते दगडांच्या जाळीच्या भिंती. तारेच्या पिंजऱ्यात दगड भरून रचलेल्या, गॅबियन म्हणतात त्याला, जिथे जिथे डोंगर खचतो तिथे तिथे. २६ जुलै २००५ च्या पावसाने ही लाइन पार वाहून नेली होती, २००७ च्या मार्चमध्ये, शंभरीच्या ऐन तोंडावर, ती पुन्हा चालू केली. २०१९ च्या पावसात परत तेच, रुळाखालची मातीच गेली, रूळ लोंबकळत राहिले. मग घाटातली गाडी तीन वर्षं बंद, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू. लोकांना वाटलं गेली आता, ही काही परत येत नाही. ज्या गँगमननी भर उन्हात दगड वाहून ह्या भिंती रचल्या त्यांच्यामुळे आपण आज खिडकीत बसून बोरं खातोय. वाटेत हातात टिकाव-फावडं घेऊन बाजूला उभे राहिलेले गँगमन दिसतील, हात करा, तेही करतात. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-शिमला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आपली नेरळ-माथेरान अजून नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं. दर पावसाळ्यात डोंगर अंगावर येतो आणि दर वर्षी तो बाजूला सारून ही लाइन उघडली जाते, अजून काय करायचं तिने.

अमन लॉजला बरेच लोक चढतात-उतरतात, तिथून जंगल सुरू. जांभळाची, अंजनाची झाडं दोन्ही बाजूंनी, लाल माती, सावली, आणि एकदम थंडावा. माथेरान स्टेशन थेट बाजारपेठेतच आहे, हाही गाडीने यायचा मोठा फायदा, आत्याला पाऊलभर चढ चढावा लागला नाही. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, घोडे आणि आता ई-रिक्षा. प्रवेश कर द्यावा लागतो, पावती जपून ठेवा. माकडांपासून सावध राहा, हातात पिशवी दिसली की ती त्यांचीच. स्टेशनवर चिप्सचं पाकीट उघडलं आणि माकडाने ते अलगद काढून नेलं असं एका पोराच्या बाबतीत समोरच झालं. सॅकमध्ये ठेवा सगळं. कपडे फार पांढरे नकोत, लाल धूळ जात नाही.

एका दिवसात करायचं तर माझा सल्ला असा. वर जाताना नेरळहून पहिली गाडी, साडेअकराच्या सुमारास पोचता, जेवा, शार्लोट लेक आणि जवळचे दोन-तीन पॉइंट करा, आणि खाली यायला गाडीच्या मागे लागू नका. शटलने अमन लॉज, तिथून दस्तुरीवर शेअर टॅक्सी, अर्ध्या तासात नेरळ. दोन्हीकडून घाट गाडीनेच करायचा हट्ट धरला तर माथेरानला वेळच उरत नाही, आणि खालच्या गाडीचं तिकीट परत तिथल्या खिडकीवर रांग लावूनच घ्यायचं असतं. मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी, मग पावणेतीनची गाडी घ्या, उतरत्या उन्हात घाट सोनेरी दिसतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी टॅक्सीत पुढे बसा, तो रस्ता पोटाला मिनी ट्रेनपेक्षा कितीतरी जड आहे.

सामान कमी ठेवा, मांडीवर मावेल तेवढंच. पाणी भरपूर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खिडकीत चांगलं गार लागतं, म्हाताऱ्यांना कानटोपी, मुलांना स्वेटर. एप्रिल-मेमध्ये दुपारी सेकंड क्लासचा पत्रा तापतो, तेव्हा सकाळचीच गाडी.

पावसाळ्यात साधारण १५ जूनपासून ऑक्टोबर मध्यापर्यंत घाटातली गाडी बंद, फक्त वरची शटल चालते. सुरू व्हायची तारीख त्या वर्षीच्या पावसावर आणि दुरुस्तीवर अवलंबून, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करताना आधी गाडी सुरू झालीय का ते बघा, मग हॉटेल. आणि दिवाळी-नाताळच्या गर्दीत जाऊच नका, दिवाळी संपल्यावरचा मंगळवार-बुधवार धरा, रांगही छोटी आणि खिडकीही मिळते.