जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचं वय कसं ओळखायचं?

जुना व्हॅक्यूम क्लीनर हाती आला की मी आधी तो उलटा करते. तळाशी किंवा मोटरच्या मागे धातूची छोटी पट्टी असते. ओलसर फडक्याने हलक्या हाताने पुसली की मॉडेल, व्होल्टेज आणि बारीक अक्षरांतले पेटंट क्रमांक दिसू लागतात. यंत्र अमेरिकेतलं असेल तर त्यातला सगळ्यात मोठा क्रमांक बघा. तिथलं दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये दिलं गेलं, वीस लाखावं १९३५ मध्ये, तीस लाखावं १९६१ मध्ये. पट्टीवर वीस लाखांपुढचा आकडा असेल, तर यंत्र १९३५ च्या आधीचं असूच शकत नाही. नंतरचं मात्र असू शकतं, कारण पेटंट जुनं झालं तरी क्रमांक छापत राहायचे.

पिशवी आणि वायर यांच्यावर विसंबू नका, त्या बहुतेकदा बदललेल्या असतात. बॉडी बघा. घसरपट्ट्यांवर आडवं नळकांडं ही ठेवण इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या १९२१ च्या मॉडेल व्ही पासून रुळली. हूव्हर कंपनीच्या उभ्या यंत्रावर बेकलाइटचं, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं, झाकण दिसलं, की अमेरिकन डिझायनर हेन्री ड्रेफसने घडवलेलं १९३६ चं मॉडेल १५० तपासून बघा. माझ्या मते इतकं देखणं यंत्र दुसरं नाही! आणि हो, पट्टीला पॉलिश अजिबात लावू नका, अक्षरं पुसली जातात.