ऑनलाइन थेरपी चालू असताना आईवडिलांनी कुठे बसायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘मूल आमचं, मोबाइल आमचा, मग आम्ही खोलीत बसलो तर काय बिघडलं?’ हे जवळपास प्रत्येक घरातून विचारलं जातं.

घरात थांबा, फक्त शब्द ऐकू येणार नाहीत इतकं लांब बसा. मूल रडत उठून गेलं किंवा कॉल तुटला, तर आम्हा थेरपिस्टना हाताशी मोठं माणूस लागतंच. सहा-सात वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे कागद, खडू, कणकेचा गोळा घेऊन तुम्ही शेजारीच हवे असता आणि अर्ध्या तासात आटोपावं लागतं.

वन रूम किचनमध्ये अडचण होते ती इथे. पालक म्हणतात, इअरफोन दिलाय की! इअरफोनने आमचं बोलणं झाकलं जातं, मुलाचं नाही, आणि झाकायचं असतं नेमकं तेच. म्हणून मुलाची पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. पंखा जोरात, दाराबाहेर रेडिओ. अवघड उत्तर ते चॅटमध्ये लिहितं किंवा कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरतं. कुणी आत आलं की मुलाने ‘गणिताचा गृहपाठ राहिलाय’ म्हणायचं, या ठरलेल्या खुणेवर आम्ही लगेच शाळेवर बोलायला लागतो.

पहिली भेट मुलाशिवाय होते. तुमचं ओळखपत्र, 18 वर्षांखालील मुलासाठी पालकाची लेखी संमती, घराचा पूर्ण पत्ता, जवळचं पोलीस ठाणं, धावून येईल अशा शेजाऱ्याचा नंबर हे सगळं तेव्हाच घेतो. आईवडील विभक्त असतील तर ताब्याबाबतचा कोर्टाचा आदेश पाहिल्याशिवाय सुरुवात नाही. नंतर दर वेळी ‘आज कुठे आहेस?’ विचारतो, कारण मूल मामाकडे गेलेलं असेल तर घरच्या पत्त्यावर मदत धाडून काय उपयोग?

काय गुप्त राहील आणि काय नाही, हे मुलासमोरच सांगतो. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगणार. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायदा, 2012च्या कलम 19नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. एरवी तुम्हाला कळेल ते उपचार कुठल्या दिशेने चाललेत आणि घरी काय करायचं एवढंच. मुलाची वाक्यं नाहीत.

सगळ्यात जास्त बिघडतं ते कॉल संपल्यावर. जेवताना ‘काय काय बोललास?’ ही उलटतपासणी झाली, की पुढच्या वेळी मूल ‘सगळं ठीक आहे’च्या पुढे जात नाही. चोरून केलेलं रेकॉर्डिंग तर मुलांना हमखास सापडतं. फोन त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो.

आणि मारहाण किंवा अत्याचार करणारा माणूस त्याच घरात असल्याचा संशय असेल, तर ऑनलाइन थेरपी नकोच. दाराआड कोण उभं आहे हे पडद्यावर दिसत नाही. अशा वेळी 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करायचा, तातडीचा धोका असेल तर 112.